कोंबडीची पिसं झडताहेत: थांबायचं, औषध मारायचं की खुराडं बदलायचं?

दसरा उलटला की परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांतनं एकच चौकशी सुरू होते: पिसं झडायला लागलीत, काय मारू? का झडतात, हे विचारणारं क्वचित भेटतं. शेतकी दुकानातनं पावडरीचा डबा येतो, सगळ्या कोंबड्या पांढऱ्या होतात, आणि पंधरा दिवसांनी परिस्थिती जैसे थे. पिसं जाण्याची कारणं मोजकीच आहेत, पण त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट दिशेला जातात. पिसगळ, म्हणजे ऋतूनुसार जुनी पिसं गळून नवी येणं, असेल तर कोंबडीला हात न लावणं हाच उपाय. उवा असतील तर एकेक कोंबडी हातात धरल्याशिवाय भागत नाही. खुराड्याच्या फटीतले किडे असतील तर कोंबडीच्या आधी खुराड्याला औषध लागतं. आणि कोंबड्या एकमेकींना टोचत असतील तर कुठलंही औषध कामाचं नाही, जागा वाढवावी लागते. पर्याय चुकला तर पैसे जातातच, वर औषध अंड्यातनं घरच्या पोरांच्या पोटात जातं. म्हणून आधी निदान, मग दुकान.

हा आढावा पाच-पंचवीस कोंबड्यांच्या घरासाठी आहे. त्या कोल्हापूरकडच्या करवीर-कागलच्या मळ्यातल्या असोत नाहीतर कळंबा-पाचगावच्या बंगल्यामागच्या. गावठी असोत, गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया नाहीतर कडकनाथ. एक अपवाद आधीच सांगतो. काही कोंबड्यांच्या मानेवर जन्मतःच पिसं नसतात. तो त्यांच्या रक्तातलाच गुण आहे आणि उन्हाळ्यात त्यांना त्याचा फायदाच होतो. बाजारातनं आणलेल्या कोंबडीची मान लाल, उघडी, पण बाकी अंग तुकतुकीत भरलेलं असेल, तर तिच्यावर काहीही करायचं नाही.

आधी बघायचं काय?

कोंबडी अंधार पडल्यावर धरा. दिवसा मागं पळालात तर ती बिथरते आणि पळापळीत आणखी चार पिसं जातात. रात्री दांडीवर बसलेली कोंबडी बॅटरीच्या उजेडात निवांत हाती येते. तिला बगलेत घ्या, पंख अंगाशी दाबलेले राहू देत, आणि पिसं उलटी करत कातडीपर्यंत बघत जा.

पिसं डोक्यावरनं आणि मानेवरनं जायला लागली, दोन्ही अंगांना सारखी जाताहेत, तर बहुतेक पिसगळ. डोक्याची मागची बाजू आणि पाठीचा मधला भाग उघडा, मान-छाती शाबूत, तर कोंबड्याकडं बघा. शेपटीच्या बुडाशी तुटकी, अर्धवट खुंटं आणि रक्ताचे ठिपके, तर कुणीतरी टोचतंय. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेभोवती पिसं मळकट, चिकटलेली, कातडी लालसर, तर उवा किंवा किडे. आणि फक्त छाती-पोट उघडं असून कोंबडी खुराड्यात फुगून बसते, हात घातला की गुरगुरते, तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. अंड्यांना अंगाची ऊब थेट लागावी म्हणून तिची छाती उघडी पडलेली असते. तिच्याखाली अंडी ठेवायची की तिला खुडूकपणातनं उठवायची, हा वेगळा निर्णय. पिसांसाठी काही करायला नको.

जागेइतकंच महत्त्व खाली पडलेल्या पिसाला आहे. खुराड्यातलं एक पीस उचला. देठापासून टोकापर्यंत अख्खं, देठ स्वच्छ, तर ते आपसूक गळलंय. मधेच मोडलेलं, तर टोचलंय किंवा घासलंय. कडा कुरतडल्यासारख्या असतील तर उवांचा संशय धरा.

पिसगळ की उवा?

ही दोन सगळ्यात जास्त घोटाळा करतात, कारण आपल्याकडं दोन्ही एकाच हंगामात येतात. पावसाचे चार महिने कोंबड्या कोंडून असतात. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी भागात तर हप्ताहप्ता बाहेर सोडता येत नाही. जमीन ओली, धुळीत लोळायला जागा नाही, त्यामुळं अंगावरच्या उवा वाढत जातात. तोवर ऑक्टोबर उजाडतो आणि दिवस लहान होऊन पिसगळही सुरू होते.

पिसगळ दिवसाच्या लांबीवर चालते. कोल्हापुरात जूनअखेर दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात तो ११ तासांच्या आसपास येतो. उजेड कमी झाला की कोंबडीचं शरीर अंडी थांबवतं आणि ती ताकद नव्या पिसांकडं वळवतं. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. सगळं उरकायला साधारण दोन-तीन महिने लागतात. पहिली पूर्ण पिसगळ कोंबडी दीडेक वर्षाची व्हायच्या सुमारास येते. त्यामुळं सात-आठ महिन्यांची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, टकली दिसायला लागली तर 'ऋतूच आहे' म्हणून सोडून देऊ नका, तिथं दुसरं कारण शोधा. एक दिवस पाणी मिळालं नाही, खाद्य एकदम बदललं, गाव बदललं, अशा धक्क्यानंतरही अवेळी पिसगळ होते. ती बहुतेक मानेपुरती असते.

आता दोन्हीतला फरक जवळनं. पिसगळ झालेल्या कोंबडीची कातडी स्वच्छ, फिकट गुलाबी असते आणि तिच्यातनं बारीक, निळसर काळपट काड्या उगवलेल्या दिसतात. हीच नवी पिसं. काडीवर मेणासारखी पातळ खोळ असते, तिच्या टोकातनं पिसाचा झुबका बाहेर पडत असतो, आणि कोंबडीनं चोच फिरवली की खोळीचा पांढरा कोंडा खाली पडतो. या कोंड्याला लोक उवांची अंडी समजतात. लिखा अशा सुट्या पडत नाहीत. त्या पिसाच्या देठाला बुडाशी गच्च चिकटलेल्या असतात, एकावर एक थर चढून त्यांचा पांढरट करडा गोळा झालेला असतो, आणि नखानं खरवडल्याशिवाय निघत नाहीत. शेपटीखालची पिसं झटकन बाजूला केली तर गव्हाच्या कोंड्याच्या रंगाच्या चपट्या उवा उजेडापासून पळताना दिसतात. त्या पळतात म्हणून बघणाऱ्यानं घाई करायची. सावकाश पिसं उलटली तर तोवर त्या आत गेलेल्या असतात.

तुऱ्यावरनं फसू नका. पिसगळीत अंडी बंद असल्यानं तुरा आपोआप आक्रसतो आणि फिका पडतो. रक्त पिणाऱ्या किड्यांमुळंही तुरा फिका पडतो. खालची पापणी ओढून आतला रंग बघा, चोच उघडून आतली कातडी बघा. तिथं गुलाबी असेल तर कोंबडी धड आहे. पांढरटफटक असेल तर रक्त कमी झालंय, थांबू नका.

पिसगळीतल्या कोंबडीला उचलू नका, हे मी आग्रहानं सांगतो. उगवत्या काडीत रक्त खेळत असतं. ती दाबली गेली तर तिला दुखतं, मोडली तर रक्त वाहतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचायला लागतात. मोडलीच तर चिमूटभर हळद लावून स्वच्छ फडक्यानं दाबून धरा आणि रक्त थांबेपर्यंत तिला डालग्याखाली ठेवा. पिसगळ आणि उवा दोन्ही सापडल्या, तर औषध टाळू नका. पण पाण्यातलं औषध फवारून तिला थंडीत भिजवू नका. कोरडी पावडर, रात्री, दांडीवर बसल्या जागी, नव्या काड्यांना न चोळता लावा.

एक सल्ला जाता जाता. दिवाळीला कोंबड्या कमी करायच्या असतील तर दिसण्यावरनं निवडू नका. जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या उशिरा पिसं टाकतात आणि भराभर टाकतात, म्हणून नोव्हेंबरात त्या सगळ्यात भकास दिसतात. श्रावणातच पिसगळ सुरू करून चार महिने रेंगाळणारी कोंबडी अंड्यांना सहसा हलकी असते. लोक बहुतेक वेळा पहिलीला विकून दुसरीला ठेवतात.

कोंबडीवर राहणारे की खुराड्यात राहणारे?

'किडे झालेत' एवढ्यावर थांबलात तर अर्धं निदान झालं. किडा दिवसा कुठं राहतो, यावर खर्च कशावर करायचा ते ठरतं.

उवा चोवीस तास कोंबडीच्या अंगावर राहतात, पिसं आणि कातडीचा कोंडा खातात, अंगावरनं उतरल्या की थोड्या दिवसांत मरतात. त्यांच्यासाठी उपाय कोंबडीवर. लिखांवर पावडर चालत नाही, त्या आठवड्याभरात फुटतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी दुसरा हात मारावाच लागतो. बहुतेकांची गाडी इथंच अडते: पहिल्या हातानंतर उवा दिसेनाशा होतात आणि दुसरा राहून जातो.

लाल किड्याचं याच्या उलट. हा टाचणीच्या डोक्याहून लहान, दिवसभर दांडीच्या खाली, खिळ्याच्या भोकात, फळ्यांच्या सांध्यात लपतो आणि रात्री वर चढून रक्त पितो. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काही सापडत नाही, आणि माणूस 'किडे नाहीत' म्हणून मोकळा होतो. याची खूण कोंबडीच्या वागण्यात आहे. जी रोज तिन्हीसांजेला आपसूक आत जायची ती खुराड्याच्या दारात अडते, आंब्याच्या नाहीतर शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसते. अंडी गोळा करून आलेल्या माणसाच्या हातांना खाज सुटते. खात्री करायची असेल तर रात्री दहानंतर पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगानं एकदा दाबून फिरवा. फडक्यावर लाल-तपकिरी रेघ उमटली तर ती कोंबडीच्या रक्तानं भरलेल्या किड्यांची आहे.

हा किडा रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो, म्हणून खुराडं महिनाभर रिकामं ठेवून उपयोग नाही. आणि उबेत त्याची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते.

उष्ण भागांत याचा एक भाऊबंदही आढळतो. तो दिवसाही अंगावर राहतो आणि खुडूक कोंबडीच्या घरट्यातही. त्यामुळं शेपटीखालची पिसं काळपट, चिकट दिसली आणि बोटावर बारीक ठिपके चढायला लागले तर कोंबडी आणि घरटं दोन्हींवर उपाय करा. घरट्यातलं गवत जाळून टाका.

गोचीड फटीतच राहतो, पण तो डोळ्यांना सहज दिसतो, चपटा, करडा, भिजवलेल्या मसुरीएवढा फुगलेला. जुन्या मातीच्या भिंतींत आणि कौलारू पडवीत फार. हा अंगात तापाचा आजार सोडतो, कोंबड्या पटापट दगावतात. गोचीड सापडला तर घरगुती प्रयोगात दिवस घालवू नका.

खुराड्यासाठी पर्याय असे. उकळतं पाणी फटीफटींत ओतणं हे सगळ्यात स्वस्त आणि लहान लाकडी खुराड्याला पुरतं, पण आठवड्याच्या अंतरानं तीनदा तरी करावं लागतं. फ्लेम गननं फटी भाजणं झटपट होतं आणि पत्रा-सिमेंटच्या शेडला उत्तम. लाकूड, गवत, पाचट असलेल्या खुराड्याला आगीचा धोका आहे, तिथं नको. चुन्याचा दाट हात फटी बुजवतो, आणि बुजलेल्या फटीत किडा राहू शकत नाही. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याला असा वर्षातनं दोनदा द्यावा. जुनं इंजिन ऑइल दांडीला फासायची पद्धत अजून चालते. त्यानं किडे मरतात, पण तेच तेल छातीच्या पिसांना लागतं, कोंबडी चोचीनं साफ करताना पोटात घेते. मी ते वापरू नका असंच सांगेन. दांडी जुनी, भेगाळलेली असेल तर सरळ बदला. साल काढलेला गुळगुळीत वासा किंवा न फुटलेला बांबू घेतला तर लपायला जागाच कमी.

कोंबडीसाठी: राख, गंधक, पावडर की इंजेक्शन?

आपल्याकडं राखेला तोटा नाही. गुऱ्हाळं सुरू झाली की चुलाणाची राख मागाल तेवढी मिळते. पूर्ण थंड झालेली, चाळलेली राख आणि कोरडी माती निम्मी-निम्मी, टोपल्यात नाहीतर जुन्या टायरात, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवली की कोंबड्या स्वतःच लोळतात. राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर घासून काढते आणि तो वाळून मरतो. थोड्या उवांना हे पुरतं आणि नव्या होऊ देत नाही. अंगावर गठ्ठ्यानं लिखा झाल्या असतील तर एकट्या राखेनं भागणार नाही. आणि ओली राख वापरूच नका, ती कातडी भाजते.

त्याच टोपल्यात गंधकाची भुकटी घातली तर गुण बराच वाढतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधल्या संशोधकांनी कोंबड्यांच्या धुळीच्या टोपल्यांत वेगवेगळ्या भुकट्या घालून पाहिल्या, त्यात गंधक सगळ्यात सरस ठरलं. उवा आणि किडे दोन्ही जवळजवळ नाहीसे झाले, आणि न लोळणाऱ्या शेजारणींच्या अंगावरचेही कमी झाले. द्राक्षवाल्यांमुळं आपल्या पट्ट्यात गंधकाची भुकटी सहज मिळते. धुरळणीची कोरडी भुकटी घ्या, पाण्यात विरघळणारी नको. दहा ओंजळी माती-राखेला एक ओंजळ. डोळ्यांना झोंबते, म्हणून बंद खोलीत टोपलं ठेवू नका. कोंबड्या धरायची सवय नसलेल्या, वय झालेल्या माणसांना मी हाच पर्याय पहिला सांगतो.

कडुनिंबाचा पाला खुराड्यात अंथरणं चांगलंच, पण उपाय म्हणून त्यावर विसंबू नका. लिंबोळी तेल दांडीला लावलं तर उपयोग होतो; कोंबडीच्या अंगाला थापलं तर पिसं चिकटतात. तंबाखूचं पाणी अंगाला लावण्याची जुनी चाल सोडून द्या, निकोटिन कोंबडीला मारू शकतं.

परमेथ्रीनची पावडर उवांवर लवकर काम करते. चिमटीनं शेपटीखाली, पंखाखाली, मानेच्या बुडाशी लावायची, नाका-डोळ्यांपासून लांब. हे औषध मांजराला जीवघेणं आहे. घरात मांजर असेल तर ते कोंबड्यांत वावरू देऊ नका. डेल्टामेथ्रीनचं पाण्यात मिसळायचं औषध जनावरांच्या दुकानात मिळतं, ते गोचीड आणि खुराड्यातल्या किड्यांसाठी जास्त सोयीचं, कारण भिंतींवर फवारता येतं. विहिरीजवळ, माशांच्या तळ्याजवळ त्याचं पाणी जाऊ देऊ नका. पिकावर मारायचं सायपरमेथ्रीन मात्र कोंबडीवर अजिबात नाही. जनावरांच्या औषधावर नाव तेच असलं तरी पिकाच्या औषधातलं द्रावण जनावरांच्या कातडीसाठी नसतं.

आयव्हरमेक्टिनचे थेंब किंवा इंजेक्शन हल्ली कुणीही सुचवतं. रक्त पिणाऱ्या आणि कातडीत घुसणाऱ्या किड्यांवर ते चालतं, पिसं कुरतडणाऱ्या उवांवर त्याचा भरवसा कमी. आणि ते चरबीत साठतं, अंड्याच्या बलकात उतरतं. अंडी खाणाऱ्या घरानं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नये, आणि ते सांगतील तितके दिवस अंडी टाकून द्यावीत. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिलचे थेंब तर मुळीच नकोत. २०१७ साली नेदरलँड आणि बेल्जियममध्ये लाल किड्यांसाठी हेच औषध कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरलं गेलं, ते अंड्यांत सापडलं आणि लाखो अंडी बाजारातनं मागं घ्यावी लागली.

आजी-आजोबांच्या काळात गॅमेक्झिनची कीडनाशक पावडर मारायचे. त्यातलं बीएचसी १९९७ पासून देशात बंद आहे. जुन्या पुस्तकांतलं कार्बारिलही २०१८ च्या आदेशानं बंद झालंय. माळ्यावर जुना डबा सापडला तर कोंबड्यांना लावू नका.

माझी निवड विचाराल तर: थोड्या उवांना राख-गंधकाचं टोपलं, अंगावर लिखांचे गोळे असतील तर परमेथ्रीन दोनदा आणि शिवाय टोपलं, फडक्यावर लाल रेघ उमटली तर आधी खुराडं. इंजेक्शन शेवटी.

टोचाटोची की कोंबडा?

दोन्हीत पाठ उघडी पडते, म्हणून गोंधळ होतो. कोंबड्याच्या पायांनी गेलेली पिसं पाठीच्या मधोमध आणि डोक्याच्या मागं, जिथं तो चोचीनं पकडतो तिथं जातात. टोचाटोचीत सुरुवात शेपटीच्या बुडाशी होते.

कोंबड्याचा निर्णय सोपा आहे. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. पाच कोंबड्यांत दोन कोंबडे असतील तर एक कमी करा. नुसती अंडी खायची असतील तर कोंबड्याची गरजच नाही, त्याच्यावाचून अंडी तेवढीच येतात. पिल्लं काढायची आहेत आणि कोंबडा आवडता आहे, तर त्याच्या टाचेच्या नख्या बोथट करा आणि पाठ सोललेल्या कोंबडीला जाड सुती कापडाची झूल घाला, पंखांखालनं इलास्टिकनं अडकवलेली. झूल आठवड्यातनं एकदा काढून बघत चला, तिच्याखाली उवांना फार सोयीची जागा होते.

टोचाटोचीला जास्त विचार लागतो. चोच कापणं हा मोठ्या फार्मवरचा उपाय आहे, परसात मला तो पटत नाही. कोंबडीला कायमचं दुखणं लागतं आणि मूळ कारण तिथंच राहतं. ते कारण बहुतेक वेळा गर्दी, कडक उजेड, उकाडा किंवा अपुरं खाणं असतं. रात्रीच्या खुराड्यात एका कोंबडीला दोन चौरस फूट आणि दांडीवर वीतभर जागा हे कमीत कमी. पावसाळ्यात कोंडून ठेवायच्या असतील तर त्याच्या दुप्पट. खाद्याची भांडी दोन ठेवा, म्हणजे दुबळीला दुसरीकडं जाता येतं. कोबीचा पाला, मेथीची जुडी दोरीनं टांगा. दिवसभर त्यात चोच गुंतते.

एकीला रक्त आलंच तर तिला वेगळं काढून जखमेवर जेन्शियन व्हायोलेटचं जांभळं औषध लावा, लाल रंग झाकला जातो. पण रोग मोडायचा असेल तर टोचणारीला वेगळं काढा. तासभर खुर्ची टाकून बसलात की ती कोण ते कळतं, बहुतेक ठिकाणी ती एक किंवा दोनच असतात. चार-पाच दिवस तिला नजरेआड ठेवून परत सोडली की तिचा कळपातला मान उतरलेला असतो.

खाणं: मॅश की घरचं?

पिसाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग प्रथिन आहे. पिसगळीत आणि टोचाटोचीत दोन्ही वेळी पहिली तपासणी टोपल्यातल्या दाण्याची करावी. कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, त्यातनं तिला १६ ते १८ ग्रॅम प्रथिन हवं. नुसता मका घातला तर शंभर ग्रॅममागं नऊच्या आसपास मिळतं, तांदळाच्या कणीत त्याहून कमी. पोट भरतं, पिसं उगवत नाहीत.

तयार लेयर मॅशमध्ये (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) प्रथिन पुरेसं असतं आणि वजनमाप करावं लागत नाही. त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम भरपूर घातलेलं असतं, जे अंडी न देणाऱ्या कोंबडीला इतकं नको. पिसगळीतल्यांसाठी ग्रोअर मॅश (वाढत्या कोंबड्यांचं खाद्य) आणि वर प्रथिनाची जोड, आणि अंडी देणाऱ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्यांना हवा त्या खातात. चिक स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या खाद्यात, प्रथिन जास्त असलं तरी त्यात बऱ्याचदा पिल्लांच्या हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं, म्हणून कळपात अंडी देणाऱ्या असतील तर पिशवीवरचं वाचून मगच.

घरचं खाणं स्वस्त पडतं आणि नीट जमवलं तर मॅशच्या तोडीचं होतं. ८५ ग्रॅम मक्याला १५ ग्रॅम सुकट मिळाली की हिशेब १६ ग्रॅमपर्यंत जातो. घाटाखालनं येणारी सुकट बिनमिठाची बघून घ्या. खारवलेली मासळी कोंबडीला विषासारखी आहे. सुकटही फार घातली तर अंड्याला वास येतो. सोयाबीन आपल्या शिवारातलंच, पण कच्चं दिलं तर पचत नाही, भाजून भरडून द्या. घाण्यावरची शेंगदाणा पेंड प्रथिनाला उत्तम, मात्र पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि ती बुरशी यकृताला मारते. कुबट वास आला की फेकून द्या. सोया आणि शेंगदाणा दोन्हींत पिसांना लागणारं मेथिओनीन हे प्रथिनातलं द्रव्य कमी असतं, ते तिळाच्या आणि सूर्यफुलाच्या पेंडीत चांगलं असतं. म्हणून एकाच पेंडीवर न राहता दोन मिसळा. उरलेलं जेवण घालत असाल तर तिखटाची काळजी नको, पक्ष्यांना मिरचीचा जाळ लागतच नाही. काळजी मिठाची करा.

घरी थांबायचं की दवाखाना?

उवा नाहीत, किडे नाहीत, टोचणारं कुणी नाही, तरी कोंबडी स्वतःचीच पिसं उपटतेय आणि ती कातडीलगत मोडताहेत, तर पिसाच्या मुळाशी घुसणारा खरजेचा किडा असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. याचाच चुलतभाऊ पायांच्या खवल्यांखाली शिरतो आणि पाय चुना लावल्यासारखे जाड, खडबडीत होतात. तिथं कोमट पाण्यानं पाय धुऊन खोबरेल किंवा व्हॅसलिन आठवड्यातनं दोनदा, महिनाभर चोळलं की घरीच बरं होतं.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळपट फोड असतील तर देवी. मान वाकडी, हिरवी शिट, एकदम दोन-तीन मेल्या तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. पापणीच्या आत पांढरटफटक, छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागतंय, तर पिसांचा विचार बाजूला ठेवून लगेच निघा. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि १९६२ वर फोन करता येतो. नवी पिल्लं घेताना लसीकरण झालेली घ्या; कोल्हापुरात सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं चौकशी करा.

दवाखान्यात जाताना नुसती कोंबडी नेऊ नका. खाली पडलेली पाच-सहा पिसं आणि दांडीवर फिरवलेलं पांढरं फडकं वेगवेगळ्या पिशव्यांत गाठ मारून न्या, पिशवीतलं मूठभर खाद्य आणि वापरून झालेल्या औषधाचा डबा बरोबर घ्या. कोंबडीचं वय, अंडी कधीपासून बंद आहेत आणि कळपात आणखी कितींना तसंच होतंय, एवढं कागदावर लिहून ठेवलं तर डॉक्टरांचं निम्मं काम तिथंच होतं.